व्हर्च्युअल मोबाइल कंपनीने एनेबलरकडे काय सोपवावं आणि काय स्वतःकडे ठेवावं?

प्रश्न थोडक्यात असा: किरकोळ विक्रीची मोठी साखळी चालवणारी एक कंपनी स्वतःच्या नावाची मोबाइल सेवा सुरू करू पाहते आहे. स्पेक्ट्रम नाही, टॉवर नाहीत, म्हणजे ती दुसऱ्याच्या जाळ्यावर चालणारी ‘व्हर्च्युअल’ कंपनी असेल. ज्याचं जाळं वापरायचं त्या होस्ट ऑपरेटरशी घाऊक दराची बोलणी चालू आहेत. एका एनेबलर कंपनीने सगळी तांत्रिक बाजू सांभाळायची तयारी दाखवली आहे, पण पाच वर्षांचा करार मागितला आहे. कंपनीचा आयटी विभाग म्हणतो, हे आपणच उभारू, दर ग्राहकामागे दुसऱ्याला पैसे कशाला मोजायचे? मग एनेबलर घेण्यात नेमका फायदा काय?

तुमच्या स्थितीत एनेबलर घ्याच, असं माझं स्पष्ट मत आहे. हे काम मी एनेबलरच्या बाजूनेही केलं आहे आणि ब्रँडच्या बाजूनेही. ‘खर्च वाचेल’ हे कारण सगळे सांगतात, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. यंत्रणा चालवणं दुसऱ्याकडे देता येतं. आपला एक ग्राहक आपल्याला महिन्याला कितीला पडतो, ही जाण मात्र देता येत नाही. ज्या कंपन्यांनी ही दोन कामं वेगळी ठेवली त्यांना एनेबलरचा खरा फायदा झालेला मी पाहिला आहे.

आधी आयटी विभागाच्या म्हणण्याकडे वळू, कारण ते वरवर पाहता पटण्यासारखं आहे. बाहेरून सेवा दिसते ती एवढीच: सिम, अ‍ॅप, रिचार्ज, बिल. आत काय चालतं ते पाहू. ग्राहक फोन चालू करतो, तेव्हा टॉवर होस्टचा असतो. टॉवरमागची यंत्रणा विचारते की हे सिम खरं आहे का, कोणाचं आहे, याला कोणत्या सेवा द्यायच्या. उत्तर देतो तो ग्राहक-नोंदींचा डेटाबेस, म्हणजे जुन्या जाळ्यात एचएलआर आणि फोरजीत एचएसएस. मग डेटा सुरू होताना गेटवे, म्हणजे इंटरनेटकडे नेणारं दार, चार्जिंग यंत्रणेला विचारतो की याच्या खात्यात शिल्लक आहे का, किती एमबी देऊ. चार्जिंग थोडा कोटा राखून देतं. तो संपत आला की पुन्हा विचारणा, पुन्हा कोटा. ही विचारपूस प्रत्येक ग्राहकासाठी दिवसभर चालू असते आणि उत्तराला उशीर झाला की ग्राहकाच्या स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहतं.

याच्या शेजारी एसएमएस केंद्र, व्हॉइसमेल, इतर ऑपरेटरांशी इंटरकनेक्ट (कॉलची जोडणी), रोमिंगच्या फायलींची देवाणघेवाण, नंबर पोर्टेबिलिटीच्या मध्यवर्ती यंत्रणेशी जोडणी, ओळख पडताळणी, तपास यंत्रणांना कायद्यानुसार द्यायची माहिती, आपत्कालीन नंबरांची व्यवस्था आणि फसवणुकीवर नजर. यातलं एकेक काम चांगल्या अभियंत्याला जमेल. पण ही सगळी एकाच वेळी, एकमेकांशी जुळवून, पहिल्या दिवसापासून चालावी लागतात. पहिल्या दिवशी ग्राहक पाचशे असले तरी त्यात सवलत नाही.

यातलं किती तुमच्या अंगावर येतं हे तुम्ही कोणत्या प्रकारची कंपनी होता त्यावर ठरतं. नुसतं आपल्या नावाने सिम विकणारा ब्रँडेड रिसेलर असतो, त्याच्याकडे बिलिंगही होस्टचंच असतं. लाइट प्रकारात ग्राहक सेवा, दर-योजना आणि बिलिंग तुमचं, पण कोअर नेटवर्क, म्हणजे टॉवरमागची मुख्य यंत्रणा, होस्टचं. फुल प्रकारात रेडिओ (टॉवर आणि स्पेक्ट्रम) सोडून जवळपास सगळं तुमचं: स्वतःचा कोअर, स्वतःचा नेटवर्क कोड, स्वतःची सिम. तिन्ही प्रकारांत एनेबलर बसतो, फक्त त्याचं काम लहान-मोठं होतं. आणि घाऊक खरेदीचा करारही स्वतःच्या नावावर करून पुढे लहान ब्रँडना विकणाऱ्याला अ‍ॅग्रीगेटर म्हणतात. एकच कंपनी दोन्ही भूमिका घेते असंही असतं, तेव्हा समोरचा नेमका कोण आहे हे पहिल्याच बैठकीत विचारून घ्या.

आता पैसा. एनेबलरचा पहिला फायदा असा की स्थिर खर्च, म्हणजे ग्राहक कितीही असले तरी लागणारा खर्च, बदलत्या खर्चात जातो. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. स्वतःची यंत्रणा चालवायला लायसन्स, सर्व्हर, माणसं धरून महिन्याला 10,00,000 लागतात. एनेबलर दर चालू ग्राहकामागे महिन्याला 10 घेतो. बरोबरी होते 1,00,000 ग्राहकांवर. त्याच्या खाली एनेबलर स्वस्त, वर स्वतःची यंत्रणा स्वस्त. आयटी विभाग तुम्हाला तक्त्याची उजवी बाजू दाखवतो, जिथे ग्राहक तीन लाख आहेत. पण तिथपर्यंत पोचायला किती महिने लागतील आणि त्या प्रत्येक महिन्यात किती तूट भरावी लागेल, हे डावीकडे असतं. वर्षअखेरीस 30,000 ग्राहक झाले तर एनेबलरचं बिल 3,00,000 येईल आणि स्वतःच्या यंत्रणेला तेच 10,00,000 लागतील. नव्या ब्रँडचे पैसे बहुतेक वेळा याच काळात संपतात. शिवाय हा पैसा अशा ठिकाणी अडकतो जे ग्राहकाला कधी दिसतच नाही. तोच पैसा दुकानातल्या विक्रेत्यांच्या प्रशिक्षणावर, लॉयल्टी पॉइंट आणि रिचार्ज एकत्र आणणाऱ्या योजनेवर गेला तर तुमची सेवा इतरांपेक्षा वेगळी दिसेल.

या हिशोबात एक खाच आहे. एनेबलर बहुधा किमान मासिक रक्कम लावतो. वरच्या उदाहरणात ती 2,00,000 असेल, तर 20,000 ग्राहक होईपर्यंत तुमचा खर्च स्थिरच राहिला, फक्त कमी. या रकमेवर घासाघीस करा आणि ती ग्राहकसंख्येबरोबर टप्प्याटप्प्याने चढेल असं लिहून घ्या. ‘चालू ग्राहक’ म्हणजे कोण, हेही करारात हवं. तीन महिने एकही कॉल न केलेलं सिम चालू धरायचं का? प्रीपेड व्यवसायात अशी झोपलेली सिम साचत जातात आणि व्याख्या ढिली असेल तर त्यांचंही भाडं तुम्हीच भरता.

माणसांचा मुद्दा पैशाच्या तक्त्यात नीट दिसत नाही, म्हणून वेगळा सांगतो. नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणारी एक खुर्ची म्हणजे आठवड्याचे 168 तास. माणूस आठवड्याला 40 तास काम करतो असं धरलं तरी एका खुर्चीला चारपेक्षा जास्त माणसं लागतात, रजा आणि आजारपण धरलं की पाच. एक खुर्ची पुरत नाही, कारण चार्जिंग समजणारा आणि सिग्नलिंग, म्हणजे यंत्रणांमधली संदेशांची देवाणघेवाण, समजणारा हे सहसा दोन वेगळे लोक असतात. ही माणसं बाजारात मोजकीच आहेत. ज्याला डायमीटरचा, म्हणजे या यंत्रणांच्या संदेशभाषेचा, बिघाड पहाटे तीन वाजता शोधता येतो, त्याला एकट्या लहान ब्रँडकडे वर्षातून दोनदाच खरं काम मिळेल आणि तो टिकणार नाही. एनेबलरकडे हीच माणसं अनेक ब्रँडचे बिघाड रोज पाहत असतात. तुमच्याकडे जी अडचण प्रथमच येते ती त्यांनी दुसऱ्याकडे आधीच सोडवलेली असते. मला विचाराल तर एनेबलरकडून घेण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट हा साचलेला अनुभव आहे. सॉफ्टवेअर विकत मिळतं, हा अनुभव विकत मिळत नाही.

त्याला लागूनच तंत्रज्ञान बदलण्याचा प्रश्न येतो. आज यंत्रणा उभारली आणि दहा वर्षं चालवली, असं या धंद्यात होत नाही. 2022 मध्ये अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या ऑपरेटरांनी आपापली थ्रीजी जाळी बंद केली. थ्रीजी गेलं म्हणजे व्हॉइस कॉल व्हीओएलटीईवर, म्हणजे फोरजीच्या जाळ्यावर, गेले, आणि ज्यांचा कोअर स्वतःचा होता त्यांना असे कॉल हाताळणारी आयएमएस नावाची वेगळी यंत्रणा लागली. ती चालते आहे हे एकेका फोन मॉडेलवर तपासावं लागतं. फोनमध्ये त्या ऑपरेटरची योग्य सेटिंग नसेल तर फोन महागडा असूनही कॉल लागत नाही, आणि ग्राहक दोष तुमच्या ब्रँडला देतो. ई-सिमचंही तसंच. त्याच वर्षी अमेरिकेत आयफोन 14 सिमच्या खाचेविना विकायला आला. ई-सिम द्यायचं तर प्रोफाइल साठवून सुरक्षितपणे फोनवर पाठवणारा एसएम-डीपी प्लस सर्व्हर लागतो आणि तो जिथे चालतो ती जागा जीएसएमए या मोबाइल उद्योगाच्या संघटनेच्या सुरक्षा प्रमाणनातून जावी लागते. हे प्रमाणन एका लहान ब्रँडने एकट्याने घेणं परवडत नाही. एनेबलर एकदा घेतो आणि सगळ्या ब्रँडमध्ये त्याचा खर्च वाटला जातो. फाइव्हजीचा स्वतंत्र कोअर आला की पुन्हा हेच.

वेळ वाचतो हे खरंच आहे, त्यावर फार लिहीत नाही. होस्टशी, पोर्टेबिलिटी यंत्रणेशी, इंटरकनेक्टशी जोडण्या आधीच चालू असतात, म्हणून बऱ्याच चाचण्या नव्याने कराव्या लागत नाहीत. फक्त एवढं विचारा: ‘तुमची जोडणी याच होस्टशी आहे का?’ दुसऱ्या होस्टशी असलेली जोडणी इथे अर्धीच कामाची.

पण एनेबलर ग्राहक आणून देत नाही, हेही तितकंच ठामपणे सांगायला हवं. 1999 मध्ये व्हर्जिन मोबाइलने ब्रिटनमध्ये वन टू वन या ऑपरेटरच्या जाळ्यावर सेवा सुरू केली आणि ती चालली, कारण तरुण ग्राहक त्या नावाला ओळखत होता. टेस्को या ब्रिटिश सुपरमार्केट साखळीची टेस्को मोबाइल 2003 मध्ये ओटू या ऑपरेटरच्या साथीने आली, तेव्हा तिच्यापाशी दुकानं होती आणि रोज येणारा ग्राहक होता. तुमची स्थिती टेस्कोच्या जवळची आहे, म्हणून मी आशावादी आहे. उलट अमेरिकेत ईएसपीएन या क्रीडा वाहिनीची मोबाइल सेवा सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं, तोच 2006 मध्ये ती बंद करायचं ठरलं. नाव मोठं होतं, पण केवळ खेळाच्या बातम्यांसाठी महागडा फोन घेऊन ऑपरेटर बदलायला पुरेसे लोक तयार झाले नाहीत. अ‍ॅम्प्ड मोबाइल ही तशीच दुसरी अमेरिकी सेवा 2007 च्या जूनमध्ये दिवाळखोरीत गेली, त्यात ग्राहकांच्या थकलेल्या बिलांचा मोठा वाटा होता. या दोन्ही अडचणी कितीही चांगल्या एनेबलरने सुटल्या नसत्या. उधारीवर कोणाला सेवा द्यायची हा निर्णय ब्रँडचा असतो. म्हणून नव्या ब्रँडने सुरुवात प्रीपेडनेच करावी असं मी सांगतो, निदान थकबाकी ओळखण्याची पद्धत बसेपर्यंत.

आता स्वतःकडे काय ठेवायचं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

पहिलं, घाऊक बिल वाचण्याची क्षमता. होस्टशी झालेल्या करारात सगळ्यांचं लक्ष दर मिनिटाच्या आणि दर जीबीच्या भावाकडे असतं. पैसा गळतो तो राउंडिंगमध्ये, म्हणजे वापर वरच्या पूर्ण आकड्याला नेण्यात. तुम्ही ग्राहकाला सेकंदावर विकता आणि होस्टकडून मिनिटावर घेता, तेव्हा 61 सेकंदांच्या कॉलसाठी तुम्हाला 2 मिनिटांचे पैसे द्यावे लागतात आणि मिळतात 61 सेकंदांचे. डेटात हे आणखी ठळक दिसतं. समजा सिम बसवलेला एखादा वीज मीटर दर पंधरा मिनिटांनी नवं सेशन (डेटाची जोडणी) उघडून 2 केबी पाठवतो. दिवसाला 96 वेळा, म्हणजे खरा वापर 192 केबी. घाऊक करारात प्रत्येक सेशन 10 केबीला पूर्ण करायचं असेल तर बिल 960 केबीचं येतं, पाचपट. दर जीबीचा भाव निम्मा करून घेतला तरी ही पाचपट भरून निघत नाही. एनेबलर हा हिशोब करून देऊ शकतो, बरेच जण देतातही. पण त्याचं उत्पन्न दर ग्राहकामागे आहे, तुमच्या नफ्यामागे नाही. तेव्हा ही नजर तुमच्याच घरात हवी. एक हुशार विश्लेषक पुरतो. त्याला एनेबलरकडून कच्चे सीडीआर, म्हणजे प्रत्येक कॉल आणि सेशनची नोंद, रोज मिळाल्या पाहिजेत आणि त्याने त्या होस्टच्या बिलाशी दर महिन्याला ताडून पाहिल्या पाहिजेत. डॅशबोर्डवर समाधान मानू नका. त्यावर बेरीज दिसते, गळती नोंदीत दिसते.

दुसरं, चार्जिंग बंद पडलं तर काय करायचं याचा निर्णय. यंत्रणा उत्तर देत नसेल तर दोनच वाटा आहेत: ग्राहकाला तात्पुरतं फुकट बोलू द्यायचं किंवा अडवायचं. फुकट दिलं तर घाऊक बिल तुमच्यावर येतं, अडवलं तर ग्राहक चिडतो. एनेबलरने सगळ्या ब्रँडना एकच नियम लावून ठेवलेला असतो. तुम्ही सेवेनुसार वेगळा नियम मागा. देशांतर्गत कॉल आणि डेटा ठरावीक मर्यादेपर्यंत चालू द्या, आंतरराष्ट्रीय कॉल आणि रोमिंग मात्र बंद ठेवा. कारण महागड्या परदेशी नंबरांवर कॉल वळवून वाटा खाणाऱ्या टोळ्या नेमक्या अशाच फटीची वाट पाहत असतात. शनिवारच्या रात्री सुरू झालेली अशी फसवणूक सोमवारी सकाळी दिसली तर तोवर महिन्याचा नफा गेलेला असतो.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, सिमची मालकी. प्रत्येक सिममध्ये आयएमएसआय हा जास्तीत जास्त 15 अंकी क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे, पुढचे दोन किंवा तीन नेटवर्कचे. हा नेटवर्क कोड होस्टचा किंवा एनेबलरचा असेल, तर त्यांना सोडून जाताना प्रत्येक ग्राहकाचं सिम बदलावं लागतं. सिमच्या आत एक गुप्त की असते आणि तीच की एचएसएसमध्ये असते. ती ज्याच्या ताब्यात, ग्राहक तांत्रिकदृष्ट्या त्याच्या हातात. लाखभर लोकांना नवं सिम पाठवायचं, त्यांनी ते घालावं म्हणून मागे लागायचं, आणि न घालणारे गमवायचे, हे कोणत्याही ब्रँडला नकोसं असतं. म्हणूनच एनेबलर बदलायची धमकी बहुतेक वेळा पोकळ ठरते आणि समोरच्यालाही ते ठाऊक असतं. ई-सिममुळे टपालखर्च वाचतो, पण नवं प्रोफाइल उतरवायला ग्राहकाला राजी करावंच लागतं. स्वतःचा कोड मिळू शकत असेल तर मिळवा. मिळत नसेल तर आयएमएसआयची वेगळी मालिका फक्त तुमच्या ब्रँडसाठी राखून घ्या, आणि करार संपताना ती मालिका, कीसकट, तुम्ही सांगाल तिथे सोपवली जाईल असं लिहून घ्या. सही होण्याआधी हे कलम सहज मिळतं. नंतर ते जवळपास कोणत्याही किमतीला मिळत नाही.

ग्राहकांचा डेटा तुमचा, हे सगळेच करारात लिहितात. कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल, हे फार थोडे लिहितात. वर्षातून एकदा पूर्ण प्रत मागवा आणि ती आपल्या माणसाकडून उघडून बघा. शिल्लक रक्कम, चालू पॅक, पॅकची मुदत हे सगळं तिच्यात वाचता येतं का ते तपासा.

हे सगळं अति सावधपणाचं वाटेल, पण एनेबलरही बुडतात. एलिफंट टॉक नावाने सुरू झालेली आणि पुढे पॅरेटियम झालेली कंपनी व्हर्च्युअल ऑपरेटरांना हीच सेवा देत होती. 2019 मध्ये तिने आधी जाहीर केलेले उत्पन्नाचे आकडे दुरुस्त करावे लागतील असं सांगितलं आणि 2022 च्या मेमध्ये ती दिवाळखोरी न्यायालयात गेली. अशा वेळी ब्रँडच्या हातात काय आहे ते करारातल्या शेवटच्या पानांवरून ठरतं. म्हणून एनेबलर निवडताना तंत्रज्ञानाच्या सादरीकरणाइतकाच वेळ त्याच्या ताळेबंदाला द्या, आणि त्याच्या उत्पन्नापैकी किती भाग एकाच मोठ्या ग्राहकाकडून येतो ते विचारा.

अधलीमधली वाटही आहे. जपानमध्ये आयआयजे या इंटरनेट कंपनीने 2018 मध्ये डोकोमो या ऑपरेटरच्या जाळ्यावर फुल प्रकारची सेवा सुरू केली, आणि तीच कंपनी इतर ब्रँडना एनेबलर म्हणूनही सेवा देते. म्हणजे यंत्रणा स्वतःची उभारली तर तिचा खर्च इतरांमध्ये वाटायची सोय त्यांनी केली. तुमचे ग्राहक पुढे खूप वाढले तर काही भाग घरी आणता येतील, पण ते एकेक करून. मी सुरुवात दर-योजना आणि उत्पादन-सूची घरी आणण्यापासून करेन, मग अ‍ॅप आणि ग्राहक सेवा, त्यानंतर चार्जिंग. एचएसएस आणि गेटवे सगळ्यात शेवटी, किंवा कधीच नाही.

राहिला पाच वर्षांचा करार. तीन वर्षं द्या. त्यांना सुरुवातीची गुंतवणूक वसूल करायची असते, ती मागणी रास्त आहे. त्यासाठी सुरुवातीचं शुल्क थोडं जास्त द्यायला हरकत नाही, पण मुदत वाढवू नका. दर ग्राहकसंख्येबरोबर आपोआप उतरतील, दोन टप्पे आत्ताच ठरतील, होस्टने तुमचा करार मोडला तर एनेबलरची किमान रक्कम थांबेल, आणि बाहेर पडताना सहा महिने जुनी व नवी यंत्रणा शेजारी चालेल, एवढ्या गोष्टी मागा. शेवटच्या दोन मागण्यांवर ते अडून बसले, तर दुसऱ्या एनेबलरकडून लेखी प्रस्ताव मागवा आणि तो हातात येईपर्यंत होस्टच्या करारावरही सही करू नका.